पदराची सवत

मी सांडशी बोलतेय. ओळखलंत ना? नाहीच ओळखणार. थळला जनीबाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली असते मी. गरम टोप उतरवणं हे माझं काम. ते इथे पदर करतो, ओढणी करते, हितेशरावांच्या टीशर्टाची कड करते. एकदा तर रद्दी पेपरानंही केलं. मी आपली भिंतीची शोभा!

मला अलिबागच्या बाजारातून आणलं प्राप्तीनं. प्राप्ती म्हणजे हितेशरावांची बायको, जनीबाईंची नवी सून. नवरीमुलींच्या हातांवर मेंदी काढते. लग्नसराईत पार पेणपर्यंत बोलावणं असतं तिला. उजवा हात हीच तिची दौलत. तो जपायला म्हणून मला घेतलं बिचारीनं.

सासूबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "ही कशाला गं? आमचा जल्म गेला पदरानं हंडे उतरवन्यात. कुनाला काय झालं न्हाय. तुजं हात काय लोन्याचं हायत?"

झालं! नव्या सुनेला लाज वाटली आणि मी खिळ्यावर गेले. पदराची सवत मी, मला कोण विचारतो? चिंबोऱ्यांचे डेंगे, म्हणजे खेकड्यांच्या नांग्या, फोडायला तेवढी आठवण यायची. हितेशरावांनी तर माझ्यानं गॅसचा रेग्युलेटर ठोकून बसवला. वर ऐटीत म्हणाले, "बघ, बसला की नाय?" काय ती अक्कल!

एका रविवारी पाहुणे आले. प्राप्ती गाऊनवर होती. "मोठी मानसं आल्यान, ओढनी घे," बाहेरून सासूबाईंचा हुकूम झाला. घेतली तिनं. नायलॉनची, चांगली झुळझुळीत. जाळाजवळ तीच तर शोभते! एका शेगडीवर कालवण, दुसरीवर चहा. प्राप्तीनं माझ्याकडे पाहिलं होतं, देवाशपथ. पण बाहेर सासूबाई बसलेल्या. तिनं ओढणीच्या टोकानं कालवणाचा टोप धरला, आणि लोंबणारं दुसरं टोक चहाखालच्या जाळावर जाऊन भप्पकन पेटलं. ती ओढणी झटकायला गेली, तर वितळलेलं नायलॉन उजव्या हाताच्या बोटांना चिकटलं.

किंकाळी ऐकून जनीबाई धावल्या. ओढणी खेचून फेकली, हंडाभर पाणी ओतलं. मग जमले वैद्य! शेजारच्या कोकिळामावशी म्हणाल्या हळद लावा, कुणी म्हणालं शाई लावा. हितेशराव टूथपेस्ट घेऊन हजर.

"मेल्या, तिच्या हाताला दात हायत का? गाडी काढ!" जनीबाई ओरडल्या आणि गाडी दारात येईस्तोवर सुनेचा हात नळाखाली धरून राहिल्या. गॅस अजून चालूच होता. चहाचं काय झालं ते बघायला आत आलेल्या पाहुण्यांनी तो बंद केला. उपकारच म्हणायचे!

जखम भरली, पण दोन बोटं आखडली ती आखडलीच. आता जनीबाई साध्या दुधाच्या पातेल्यालाही मलाच लावतात. चला, मिळाला मान! लग्नसराई आलीय, फोन वाजतो, आणि प्राप्ती तो उचलत नाही.

काल दुपारी तिनं मेंदीचा कोन हातात घेतला. जनीबाईंनी आपला तळवा पुढे केला. "माज्या हातावर काढ. म्हातारीचा हात कोन बघतंय?" रेघ वाकडी गेली. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा वाकडी.

"बेस आलीय गं," जनीबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

तुमच्या घरीही माझी एखादी बहीण टांगलेली असेल. सासूला काय म्हणायचं ते म्हणू दे. बाई, हात लांब कर आणि तिला खिळ्यावरून घे.