कुट्टूच्या धिरड्याची सकाळ

मित्रांनो, बाळापूरच्या गोदाबाईंच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला जुना बिडाचा तवा तो मीच. परतवाड्याच्या बाजारात गोदाबाईंनी टिचकी मारून, आवाज ऐकून मला निवडले. तेव्हा मी खडबडीत होतो. तेल पीत पीत गुळगुळीत झालो. वीस वर्षे मी त्यांच्या गव्हाच्या पोळ्या भाजल्या. पाहुणे पोळ्यांची वाहवा करत आणि मी मनात सुखावत असे.

पुढे त्यांची सहा वर्षांची नात रागिणी सारखी पोट धरून बसू लागली. हातपाय काटकुळे झाले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, हिला गहू चालत नाही, त्याचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. तिची आई मंजुषा अकोल्याहून येताना कुट्टूचे पीठ घेऊन आली; कुट्टू हा उपासाला चालणारा दाणा, त्यात गव्हाचा अंशही नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताकात कालवलेले, जिरे-मिरची घातलेले ते सावळे पीठ माझ्यावर चर्र करून पसरले. कडा जाळीदार झाल्या, घरभर खमंग वास सुटला. वर लोण्याचा गोळा विरघळला. रागिणी बोटे चाटत म्हणाली, "आजी, मले आनखी एक दे ना!"

गोदाबाईंचे डोळे भरून आले. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. आदल्याच संध्याकाळी माझ्यावर पोळ्या झाल्या होत्या आणि गव्हाचे करपलेले पीठ माझ्या काठाला चिकटून होते. पण सांगणार कसे? तव्याला वाचा नसते.

दुपारी रागिणी कळवळू लागली. मंजुषाने घाबरून पिठाचा डबा उचलला. "आई, हे पीठ फेकूनच देतो. पोरीले सोसलं नाही."

पीठ फेकले तर पोरीने सकाळी खायचे तरी काय, मी मनात म्हटले.

"थांब वं," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या काठावरून बोट फिरवले. बोटाला तपकिरी पूड लागली. "पीठ नवं आनलं, पन तवा तर पोळ्यायचाच घेतला ना! चूक माही हाये."

त्याच आठवड्यात रागिणीसाठी नवा तवा आला. हळूहळू तिचे गाल भरले. आता तिची धिरडी माझ्यावर होत नाहीत. तरी रोज सकाळी मला धास्ती वाटते, घाईत कोणी चुकून माझ्याकडे हात तर नेणार नाही?

मित्रांनो, तुमच्या घरी असे लेकरू असेल, तर पिठाइतकीच तव्याची आणि उलथण्याचीही काळजी घ्या. माझ्यासारख्याला त्याच्यापासून लांबच टांगा. आम्ही रुसणार नाही.