एकदाच विचारणारी सून

जोव्हेलिन माणसाला एकदाच विचारते, ही सिद्राची तक्रार होती. आणि ती तिनं कुणाला सांगायची ठेवली होती? चर्चच्या पाद्रेंना सांगितली, विहिरीवर सांगितली, मोडक्या होड्या ठोकत बसलेल्या कोळ्यांनाही सांगितली. "घेता का म्हणते, आणि समोरचं माणूस नको म्हणालं की 'बरं' म्हणून पुढच्याकडे वळते! ही काय रीत झाली? पहिल्या विचारण्याला हो कोण म्हणतं? अरे, भिकारीसुद्धा म्हणत नाही!"

समार बेटाच्या त्या किनाऱ्यावर खरंच कुणी म्हणत नसे. पहिलं 'नको' म्हणजे वळण, दुसरं 'नको' म्हणजे भीड. तिसऱ्यांदा आग्रह झाला की माणूस मान खाली घालून हात पुढं करायचा, मग पोटात कितीही आग पेटलेली असो. चर्चच्या सणांचा स्वयंपाक सिद्रानं जन्मभर केला तो हे ओळखूनच. तिच्या पंगतीतून अर्धपोटी उठलेलं माणूस गावानं पाहिलं नव्हतं. सून मात्र मनिलात वाढलेली. तिथं थांब्यावर एकदा मान हलवली की बस निघून जाते.

वादळानं गाव आडवं केलं होतं. नारळीची बनं दाढी केल्यासारखी साफ झाली, चर्चचं अर्धं छप्पर समुद्रानं नेलं, पण शेजारचा हॉल तेवढा तगला. म्हणून मदत तिथं येई. तांदूळ, मासळीचे डबे, जुने कपडे. कुण्या थंड देशातल्या दयाळू माणसानं लोकरीच्या टोप्यांचं अख्खं खोकं धाडलं होतं. त्या टोप्यांत आता कोंबड्या अंडी घालत होत्या.

पाद्रेंनी पेजेच्या मोठ्या पातेल्यापाशी सिद्राला उभं केलं आणि सामान वाटायच्या मेजावर जोव्हेलिनला. सिद्राचा मुलगा नेस्तोर जहाजावर, दूर कुठल्याशा बंदरात. घरात या दोघीच. आता चर्चमध्येही दोघीच समोरासमोर. ते फार दिवस चालणार नव्हतंच.

भांडण झालं ते म्हाताऱ्या बिबोवरून. सिद्रा त्याच्या वाडग्यात पळी ओतत होती. "घे रे. लाजतोस काय मेल्या? तुझ्या बापालाही मीच वाढलंय. घे अजून." बिबो 'नको नको' करत होता आणि वाडगा मात्र मागं घेत नव्हता. रांग खोळंबली. तेव्हा जोव्हेलिन मेजावरून ओरडली, "आई, मागं लेकुरवाळ्या बायका उभ्या आहेत. एकदा विचारा आणि पुढं चला. पातेलं म्हणजे काही विहीर नाही!"

लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, बऱ्याच दिवसांनी हसायला मिळालं म्हणून हसले. पण सिद्राला ते हसू झोंबलं. तिनं पळी पातेल्यात टाकली, एप्रन सोडून बाकावर भिरकावला. "चालव बाई तुझं दुकान. आम्हाला काय, आम्ही अडाणी."

जाता जाता तिनं एक पाहिलं होतं. पातेल्याचा तळ लागला होता, आणि रांगेच्या शेवटी कडेवर मूल घेतलेली एक बाई रिकामा वाडगा घेऊन परत फिरली होती. सिद्रानं ते कुणाला सांगितलं नाही. ती घरी आली आणि बोलावणं येईल म्हणून बसून राहिली.

बोलावणं आलं नाही. पाद्रे कामात बुडाले होते. संध्याकाळी सून आली, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, हातात झाकलेला वाडगा. "आई, आल्याची पेज आहे. खाता?"

"नको."

"बरं," म्हणाली जोव्हेलिन, आणि वाडगा घेऊन शेजारच्या आजारी बाईकडे निघून गेली.

सिद्रा त्या रात्री उपाशी झोपली. झोपली कसली, पोटातले कावळे मोजत पडली. सकाळी विहिरीवर ही गोष्ट तिनं अशी रंगवून सांगितली की बायकांनी तोंडावर हात धरले. पण आपल्याला भूक लागली होती, एवढं मात्र गाळलं.

मग ताडपत्र्या आल्या. फार नव्हत्या, आणि छपरं तर सगळ्यांचीच उडालेली. म्हातारं, आजारी, बाळंतीण असेल त्या घराला आधी, असं ठरलं. ऐकल्याबरोबर सिद्राच्या डोळ्यांसमोर एंदोंग आला. एंदोंग म्हणजे टिनांगचा नवरा. टिनांगच्या थोरल्या मुलाला बाप्तिस्म्याला हातावर धरलं होतं ते सिद्रानं, म्हणून त्या दोघी एकमेकींना 'कुमारे' म्हणत. सख्ख्या बहिणी भांडतात, पण कुमारे सहसा भांडत नाहीत. एंदोंगची छाती आधीपासूनच अधू. श्वास घेताना शिट्टी वाजायची. वादळानंतर तो चार वाशांखाली, वर केळीची पानं टाकून निजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिनांग सिद्राच्या दाराशी उभी राहिली. केस विंचरलेले, धुतलेला झगा. चर्चला निघाल्यासारखी.

"कुमारे, चर्चकडे येतेस का गं?"

सिद्रा सुकी मासळी उलटत होती. तिनं मान वर केली नाही. "माझं काय काम तिथं? तिथं आता शिकलेल्यांचं राज्य."

"तसं नाही गं. सहज, सोबत."

"पाय तुझे आहेत ना धड? मग जा की."

टिनांग जराशी घुटमळली. "यंदा मासळी बरी वाळलीय," असं काहीतरी बोलली, आणि गेली.

सोबत कसली? टिनांग जन्मात कुणापुढं हात पसरायला गेली नव्हती. तिला बरोबर सिद्रा हवी होती ती एवढ्यासाठी, की टिनांग म्हणेल नको आणि सिद्रा म्हणेल, "गप बस गं, घे मुकाट्यानं," आणि टिनांगची अब्रूही राहील आणि ताडपत्रीही मिळेल. गेली कित्येक वर्षं दोघींचं असंच चालत आलेलं. सिद्राला हे पाणी पिण्याइतकं ठाऊक होतं. ती मासळी उलटत राहिली.

दुपारी टिनांग त्याच वाटेनं परत आली. हात रिकामे. सिद्रानं कुडाच्या फटीतून पाहिलं, आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की बरं झालं. आता कळेल सगळ्यांना. आता पाद्रे स्वतः येतील न्यायला.

पाऊस आला, तो आला आणि ठाण मांडून बसला. केळीची पानं कुजून एंदोंगच्या अंगावर गळू लागली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. पाद्रेंना कळलं तेव्हा त्यांनी माणसं धाडली, ताडपत्री धाडली, शहरातल्या दवाखान्यात नेण्यासाठी होडी ठरवली. होडी किनाऱ्याला लागायच्या आत एंदोंगची शिट्टी थांबली होती.

शवपेटीला फळ्या कुठून आणायच्या? सुतारानं चर्चमधल्या, पाद्रेंपुढं पापं कबूल करायच्या मोडलेल्या खोलीची दारं काढून पेटी ठोकली. "जन्मभर तिकडं फिरकला नाही," बिबो हळूच म्हणाला, "आता कायमचा आत गेला." जमलेले लोक तोंड लपवून हसले, आणि मग रडले.

सिद्रा टिनांगच्या घरात शिरली तीच वाऱ्यासारखी. नवी ताडपत्री छपरावर ताणलेली होती, निळी, कोरी करकरीत, आणि तिच्याखाली पेटी. ते पाहून तिचं तोंड सुटलं. "एकदा विचारलं असेल भवानीनं! एकदा! नको म्हटल्यावर वळली असेल दुसऱ्याकडे. माणूस मेलं त्या पोरीच्या नियमापायी!"

टिनांग पेटीपाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "विचारलं गं तिनं. माझ्याकडे बघून विचारलं. मीच म्हटलं, आमचं भागतंय, दुसऱ्या कुणाला द्या. मागं एक बाळंतीण उभी होती, तिला दिली. मग मी जरा वेळ दाराशी थांबले." पेटीवरची माशी तिनं हातानं उडवली. "वाटलं होतं, तू येशील मागून."

एवढंच. तिच्या आवाजात कडूपणा नव्हता. कडूपणा असता तर सिद्राला सोपं गेलं असतं, भांडण तिला येत होतं. बायका तिच्याकडे बघत होत्या, पुढचं ऐकायला. तिनं टिनांगचा हात धरला, तो थंड होता. टिनांगनं हात काढून घेतला नाही, पण परत दाबलाही नाही.

सिद्रा उठली आणि पावसातच चर्चकडे चालू लागली.

हॉलच्या मागच्या ओट्यावर जोव्हेलिन एकटी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. रडून तिचे डोळे सुजले होते. सासूला पाहून ती उभी राहिली, मार खायला उभं राहावं तशी.

"बोला, आई," ती म्हणाली. "सगळं गाव तुमचंच बोलणं बोलतंय. टिनांगमावशींना मीच मोकळ्या हातानं पाठवलं. मला वाटलं, खरंच नको असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं हो, आई. तुम्ही तरी सांगायचं."

सिद्राच्या केसांतून पाणी निथळत होतं. ती बोलली तेव्हा आवाज नेहमीसारखाच करडा निघाला. दुसरा तिच्यापाशी नव्हता.

"रडू नको. ऐक माझं. ती आधी माझ्या दाराशी आली होती. कशाला आली होती ते मला कळलं होतं, आणि परतताना तिचे रिकामे हातही मी पाहिले होते. ताडपत्री एका हाकेवर होती, आणि मी मासळी वाळवत बसले. चूक तुझीही झाली, जोव्हेलिन, ती मी पुसत नाही. पण तू न कळून चुकलीस. मी कळून चुकले."