रसाच्या कांडीला मिळालेलं कर्ज

घनसावंगीच्या दैवशालाला उसाचा रस गोठवून कांड्या विकायच्या होत्या. रसवंत्या तालुक्यात पुष्कळ, पण आलं-लिंबू घालून दांडीवर गोठवलेला रस कुणी विकत नव्हतं. शेजारच्या चांगुणाबाईंच्या फ्रीजात तिनं वीस कांड्या करून पाहिल्या. त्या शाळेच्या फाटकापर्यंतही पोचल्या नाहीत, गल्लीतच फस्त झाल्या. तेव्हापासून दैवशालाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

नवरा मिथुन प्रवासी घेऊन जालन्याच्या फेऱ्या मारायचा. एका सोमवारी त्याच्याच जीपमधून ती नवीन जालन्यातल्या एका बँकेत गेली.

"धंदा किती दिवसांपासून आहे, ताई?" साहेबांनी विचारलं.

"डीप फ्रीज आला की लगेच सुरू करते, साहेब."

"चालू धंद्यालाच कर्ज देता येतं. दोन वर्षांचे कागद लागतात."

"धंदाच न्हाई तर त्याचे कागद कुठून आणू?"

साहेबांनी चहा पाजला, कर्ज मात्र दिलं नाही.

समोरच घरगुती वस्तूंचं दुकान होतं. डीप फ्रीज हप्त्यांवर मिळतो का, म्हणून ती सहज आत शिरली. प्रितम नावाच्या विक्रेत्यानं आधार कार्ड मागितलं, मोबाइलवर आलेला नंबर विचारला आणि बारा मिनिटांत कर्ज मंजूर.

"कशाला पाहिजे, ताई?"

"धंद्याला. रस गोठवायला."

"घरीच ठेवणार ना?"

"घरीच."

"मंग घरगुती वापर लिहितो."

दैवशालाला हसू आवरेना. कमवायला कर्ज मिळालं नव्हतं, गार पाणी प्यायला मात्र बारा मिनिटांत मिळत होतं. त्यात पहिला हप्ता भरायचा होता महिन्यानं. जीपच्या टपावर डीप फ्रीज बांधला, तेव्हा ती मिथुनशेजारी बसून अंबडपर्यंत हसत राहिली. मागचे प्रवासी काय झालं म्हणून विचारू लागले. तिनं सगळं सांगितलं, तर घनसावंगी येईस्तोवर सदतीस कांड्यांची मागणी ठरली.

एप्रिल कांड्यांचाच गेला. एका दुपारी चार तास वीज गेली आणि दीडशे कांड्या पाघळायला लागल्या. दैवशालानं सरळ बसस्टँडवर जाऊन त्या फुकट वाटल्या. दुसऱ्या दिवशी तेच लोक पैसे घेऊन दारात आले. मे संपेपर्यंत ऊस पुरवणारा शेतकरी, चरकावर बसणारी प्रीती आणि दांड्या तासणारा वसंता, सगळ्यांनाच रोजगार मिळाला. हप्ते वेळेवर जात होते.

जूनमध्ये तेच बँकेचे साहेब बचत गटाच्या बैठकीला गावात आले. उकाड्यात त्यांनी लागोपाठ तीन कांड्या खाल्ल्या.

"आता धंदा चालू झाला म्हणायचा," ते म्हणाले.

"चालू हाय. दोन वर्षांचे कागद मात्र अजून न्हाईत." दैवशालानं मोबाइल पुढं केला. त्यात रोजची विक्री होती, भरलेले हप्ते होते.

साहेब बराच वेळ बोट सरकवत वाचत राहिले. "हेच कागद," ते म्हणाले. "मोठ्या मशीनचा अर्ज करा, मी पाठवतो."

पंधरा दिवसांत मंजुरी आली, तीही दुकानाच्या कर्जाहून कमी व्याजानं. मिथुननं बातमी ऐकली आणि गल्लीच्या तोंडापासूनच जीपचा भोंगा वाजवत आला. चांगुणाबाई पदर खोचून दारातच नाचायला लागल्या. दैवशालानं त्यांचा हात धरला, चपला भिरकावल्या आणि भर दुपारी तापलेल्या फरशीवर दोघी उड्या मारत राहिल्या.