कडीवरचा हात

डेअरीवाल्याने दूध परत पाठवलं, आणि माझ्या पुतण्याने कॅन अंगणात असा आदळला की गोठ्यातली गाय दाव्याला हिसका देऊन उभी राहिली.

"आंबलंय म्हणे. सगळ्या रांगेसमोर वास घेतला आणि म्हणाला, घरी ने, दही लाव. तोंडाला काळं फासलंस माझ्या, आई."

वहिनी शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "उन्हाळ्यात आंबतं दूध."

"उन्हाळा सगळ्या गावाला आहे. आपलंच का आंबतं? ऊन डोक्यावर असताना धार काढतेस म्हणून. आणि कशासाठी, तर एका जुन्यापुराण्या मालिकेसाठी."

"हो, तिच्यासाठीच. पुढे बोल."

मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. धाकटा दीर म्हणून दोन शब्द बोलायला हवे होते. पण भांडणात मला योग्य शब्द सुचतो तो भांडण मिटल्यावर.

पूर्वी शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर ती मालिका लागायची. एक कंपाउंडर, त्याच्या तीन बहिणी आणि भाड्याचं घर. छप्पर गळतंय तर भांडी कुठे कुठे ठेवायची, यात एक अख्खा भाग गेला होता. कुणी कुणावर ओरडत नसे. एखादी बहीण चहा गाळताना गप्प झाली की आम्ही समजायचो, आज काहीतरी बिनसलंय. शनिवारी सगळं गाव धारा लवकर काढायचं. डेअरीही लवकर उघडायची, कारण डेअरीवाल्यालाही घर गाठायचं असायचं.

धाकटी बहीण रागाने घर सोडून गेली होती. ती परत येते की नाही, ते शेवटच्या भागात कळणार होतं. नेमकी त्याच संध्याकाळी आमची गाय अडली. दादा आणि वहिनी कोपरापर्यंत रक्ताने माखून गोठ्यातच राहिले. मी तेव्हा नोकरीला बाहेरगावी. शेजारी विचारलं तर एकजण म्हणाला आली, दुसरी म्हणाली छे, कुठली येते. दादा मरेपर्यंत म्हणत राहिला, "आली असणार." वहिनी म्हणत, "तिच्या जागी मी असते तर आले नसते." यावरून दोघं जेवताना भांडत, निजताना भांडत. मग दादा गेला आणि भांडण अर्धंच राहिलं.

आता तीच मालिका ऐन धारेच्या वेळी पुन्हा दाखवत होते, आणि या कॅनच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शेवटचा भाग होता. गाय वहिनींशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे, आणि वेळ चुकली तर त्यांनाही पान्हा सोडत नसे. म्हणून वहिनी रोज थोडी थोडी लवकर धार काढून तिला सवय लावत होत्या. डेअरी मात्र आपल्या वेळेलाच उघडायची. तोवर दूध उन्हात.

शनिवारी वहिनींनी कॅन पाण्याच्या टाकीत उभा केला, वर ओलं पोतं टाकलं आणि हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसल्या. शेजारी सूनबाई. पुतण्या आत आला, त्याने रिमोट उचलला आणि बातम्यांचं चॅनल लावलं. चौकटी-चौकटीत बसलेली माणसं एकमेकांवर तुटून पडली होती.

"रिमोट दे," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी खाली. मला तो आवाज ठाऊक होता. मी पुस्तक मिटलं.

"आई, काय आहे त्या मालिकेत? नुसते बसून चहा पितात."

"आणि तुझी ही माणसं? दुसऱ्याला बोलू देतात का? तेच शिकलास तू. काल भर अंगणात आईला म्हणालास, तोंडाला काळं फासलं. तो कंपाउंडर दारावरच्या भंगारवाल्याशीही असं बोलला नाही कधी."

"तो खोटा आहे, आई. नाटकातला."

"असू दे खोटा. तू खरा आहेस ना? मग उद्यापासून गाय तू पीळ."

मागे एकदा त्याने धार काढायचा प्रयत्न केला, तेव्हा गाईने त्याला बादलीसकट गव्हाणीत बसवलं होतं. सूनबाई तोंड फिरवून हसली. पुतण्याने रिमोट आईच्या हातात न देता खाटेवर टाकला, पण टाकला. आणि तिथेच उभा राहिला, भिंतीला टेकून.

मालिका पुढे सरकली. धाकटी बहीण पिशवी घेऊन दारात आली. आतून भांड्यांचा आवाज. तिने कडीवर हात ठेवला. आतून कंपाउंडर म्हणाला, "कोण आहे?" तिचा हात जरासा मागे आला, आणि पडद्यावर नावं यायला लागली.

"एवढंच?" वहिनी ताडकन उठल्या. "दार उघडायला काय झालं होतं मेल्यांना? एवढ्यासाठी तो माणूस जन्मभर माझ्याशी भांडला? मलाही भांडायला लावलं?"

वहिनींनी टाकीतला कॅन ओढून काढला, पाणी दारापर्यंत सांडलं.

"गेली की ती आत," पुतण्या भिंतीपाशीच म्हणाला. "सरळ दिसतंय."

"कुठे गेली? हात मागे घेतला तिने," सूनबाई म्हणाली. "तुमचं लक्ष कुठे होतं?"

"कडी वाजवायला घेतला."

"वाजवायला कुणी हात मागे घेतं होय?"

"घेतं. भावाचा आवाज ऐकल्यावर कोण परत फिरेल?" दादासारखीच मान वाकडी करून तो बोलत होता.

वहिनी कॅन काखेला लावून अंगणात थांबल्या. राग अजून नाकावर होता. डेअरीच्या वाटेला लागण्याआधी त्यांनी आत ओरडून सांगितलं,

"सूनबाई, सोडू नकोस त्याला."