चीनला न्यायची वालाची भाजी

वालाची भाजी, पहिली.

दर्शनाने विजेचा छोटा कुकर ओट्यावर मांडला आणि जाहीर केलं की आजपासून जायच्या दिवसापर्यंत ती आपलं आपण रांधणार. परदेशात उपाशी राहायचं नसेल तर हात इथेच बसायला हवा. भाताच्या वाणांवर संशोधन करायला चीनमधल्या एका विद्यापीठाने तिला बोलावलं होतं. किन्हवलीतल्या भात लावणाऱ्या घराला त्याचं फारसं नवल नव्हतं. नवल होतं तिच्या खाण्याचं.

"मासं नाय, अंडी नाय, दूध पन नाय," तिचा बाप देवराम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. "माळकरी तरी दूध पितात. ही त्यांच्या पन पुढं गेली."

"व्हीगन म्हणतात, बाबा."

"म्हनूदे. चीनवाले तुला बघून जेवान सोडतील."

आई मात्र कधी हसली नाही. दोन वर्षं गिरजाने लेकीसाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं, पळीसुद्धा वेगळी. घरच्या सुकटीच्या, सुकवलेल्या जवळ्याच्या, कालवणाचा थेंब त्यात जाऊ दिला नाही. मैत्रिणींना हे सांगताना दर्शनाचा आवाज भरून येई.

भाजी सपक झाली.

"पान्याचा फरक," गिरजा म्हणाली.

वालाची भाजी, दुसरी.

तिकडे वाल मिळणार नाहीत, पण कुठलं ना कुठलं कडधान्य मिळेलच. चव मसाल्यात असते. तिची मैत्रीण, मुरबाडची आरती, त्याच विद्यापीठात शिकत होती, ती फोनवर बजावत होती: "साध्या पालेभाजीत डुकराची चरबी असते. शिंपल्यांचा सॉस असतो. त्यांना ते मांस वाटतच नाही गं, खुशाल व्हेज म्हणून देतात. 'मी हे खात नाही' असं चिनी वाक्य मोबाइलवर मोठ्या अक्षरात ठेव. तेल कशाचं तेही विचार. आणि घरचा मसाला भरपूर आण."

मसाला गिरजाने कुटून, पिशव्या बांधून, बॅगेत तळाशी ठेवलाही होता. दर्शनाने डब्यातला घेतला. कांदा नीट परतला, कोकम घातलं, गूळ घातला.

पुन्हा तेच. काहीतरी नव्हतं.

"चुलीची सर नाय तुज्या कुकरला."

"मग तूच कर. मी शेजारी उभी राहून बघते."

वालाची भाजी, तिसरी. आईची.

तेल. लसूण. कांदा. मसाला. सोललेले वाल. गिरजाचा हात एकदा फळीच्या मागच्या बाजूला गेला आणि रिकामाच परत आला. पाणी. झाकण.

जेवताना दर्शनाने चाखलं. तिच्या स्वतःच्या भाजीसारखंच, तितकंच सपक. म्हणजे चूक हाताची नव्हती तर! तिला हायसं वाटलं. तिने चमचाभर बापाच्या ताटात वाढलं.

"बाबा, बघा. आईचीपण माझ्यासारखीच झाली."

देवरामने घास घेतला. "पूड टाकायची राह्यली काय गो?"

"कसली पूड?"

देवराम चावायचा थांबला. धाकट्या आदेशने मान खाली घातली. आता त्याने मान खाली का घालावी? त्याला तर...

त्यालाही ठाऊक होतं.

"सुकटीची," गिरजा म्हणाली. "भाजून, फडक्यातून गाळून. चिमूटभरच."

"कधीपासून?"

"तू परीक्षेला चक्कर येऊन पडलीस, तवापासून."

परीक्षा. म्हणजे व्रत धरल्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून. म्हणजे सगळंच. रक्ताचा तो चांगला रिपोर्ट, जो तिने ज्याला त्याला दाखवला होता: बघा, काही कमी पडत नाही. वेगळं पातेलं. वेगळी पळी. मैत्रिणींपुढे भरून आलेला आवाज.

"मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर खाल्ली असतीस?"

"म्हणून चोरून?"

"पोर समोर वाळत चालली. बघत बसू?"

"आणि तुम्ही सगळे मला बघत बसलात. रोज. जेवताना."

मग तिला ते सुचलं, आणि विचारूच नये असंही वाटलं.

"बॅगेतल्या मसाल्यात?"

गिरजा भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

"आई."

"तितं कोन घालनार व्हतं तुला?"

वालाची भाजी,

दुसऱ्या दिवशी दर्शना एसटीने शहापूरला गेली आणि कंपनीच्या बंद पुड्या घेऊन आली. बॅगेच्या तळातल्या पिशव्या तिने आदल्या रात्रीच काढून ओट्यावर ठेवल्या होत्या. त्या तशाच होत्या.

"दुकानातला?" गिरजाने पुडी हातात घेतली. "काय काय भरत असतील देव जाने."

"मागे लिहिलंय."

गिरजाला वाचता येत नव्हतं. "वाच."

दर्शनाने वाचलं. मिरची, धणे, जिरं, हळद, मीठ. गिरजा शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"दगडफूल नाय?"

"नाही."

"मंग चव कशी येल?"

दर्शनाने पुडी फोडली. वाल कुकरात घातले, झाकण लावलं, बटण दाबलं.

"जा, उन्हातनं आलीस, पानी पी," गिरजा म्हणाली. "मी हाय हितं."

माठ पडवीत होता. घसा कोरडा पडला होता. दर्शना कुकरापाशी उभी राहिली, वाल शिजेपर्यंत.