बाच्या हातातली गाडी

नाशिकच्या एसटीत बसेपर्यंत निशाने बाला खरं सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात जायचंय, एवढंच म्हणाली होती. त्र्यंबक मागे पडलं तेव्हा तिने धीर केला.

"बा, दवाखाना दुपारी हाय. आधी एका दुकानात जायचंय. रिमोटवर चालणारी गाडी घ्यायचीय."

"कुनाला?"

"तुला."

तुळशीदासने तोंड खिडकीकडे फिरवलं, ते नाशिक येईपर्यंत वळवलं नाही.

अठरा वर्षं त्याने खोडाळा ते जव्हार प्रवासी जीप चालवली होती. धुक्यात, चिखलात, बाळंतिणींना घेऊन, नवरदेवांना घेऊन. आठ महिन्यांपूर्वी सकाळी जीप धुता धुता त्याला लकवा मारला. पाय सावरला, जीभही बरीचशी सुटली, डावा हात मात्र वैऱ्यासारखा वागू लागला. मूठ मिटायची, पण एकदा मिटली की उघडायची नाही. दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवावं लागे. जीप गावातल्या नवसूला विकली. तिचा हॉर्न रस्त्यावर वाजला की तुळशीदास ओटीवरून उठून आत जाई. दवाखान्यातून व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्याने गोठ्यात भिरकावला होता. "मी काय तान्हा पोर हाय?" त्यानंतर त्याच्याशी हाताबद्दल बोलायची त्याच्या बायकोची, हिराबाईचीसुद्धा छाती होत नसे.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी निशाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हाताला असं काम द्या, की ते त्यांना स्वतःला करावंसं वाटेल." निशा खोडाळ्याच्या शाळेत शिकवायची. असं काम कोणतं, याचा विचार ती फळ्यापाशी उभी राहूनही करायची. मग जव्हारच्या एका शिबिरात वामन सर भेटले. विज्ञान शिकवणारा हा माणूस सुट्टीत बॅडमिंटनच्या फरशीवर रिमोटची गाडी पळवायचा. त्याचा रिमोट पिस्तुलासारखा होता. डाव्या हातात मूठ धरायची, पहिल्या बोटाने घोडा ओढला की रेस, सोडला की गाडी थांबते. उजव्या हाताने बाजूचं छोटं चाक फिरवलं की स्टिअरिंग. ऐकता ऐकता निशाचा चहा गार झाला.

"पहिली गाडी बॅटरीचीच घ्या," सर म्हणाले होते. "इंधनाच्या नादी लागू नका. आणि वेग कमी."

दुकानदार पन्नाशीचा, बोलका होता. खोडाळ्याचं नाव ऐकताच त्याने मोठ्या, काटेरी चाकांची उंच गाडी पुढे केली. "तुमच्याकडच्या दगडाधोंड्यांत हीच टिकेल. रस्त्यावरची गाडी जमिनीला घासत चालते. खडा लागला तरी उलटते."

तुळशीदासने एकदाच पाहिलं. "टॅक्टर हाय ह्यो."

"आमच्या शाळेत सिमेंटचं मैदान झालंय," निशा घाईने म्हणाली. "रस्त्यावरचीच दाखवा."

तेवढ्यात मागच्या अंगणात कुणीतरी इंधनावरची गाडी सुरू करून पाहिली. करकरीत आवाज आला, पाठोपाठ जळक्या तेलाचा वास. तुळशीदासची मान ताठ झाली. काठी टेकत तो थेट मागच्या दाराशी गेला आणि त्या धुराकडे असा पाहत राहिला, की आठ महिन्यांत निशाने त्याचे डोळे तसे पाहिले नव्हते.

"ही," तो म्हणाला.

निशाला वाटलं, नाही म्हणावं तर हे डोळे पुन्हा विझणार. हो म्हणावं, तर हा वेग त्या हाताला झेपणार कसा?

"आधी बॅटरीवरची चालवून बघ, बा. मग ठरवू."

"खेळनं नको मला."

"एक फेरी. मग तू म्हणशील ती."

दुकानदाराने लाल रंगाची एक बसकी गाडी अंगणात ठेवली. अंगण सिमेंटचं, तिन्ही बाजूंनी भिंत. चौथ्या बाजूला फाटक होतं. ते सताड उघडं होतं आणि पलीकडे भर रहदारीचा रस्ता. फाटक लावा म्हणावं, हे निशाला सुचलंच नाही. तिने रिमोटची मूठ बाच्या डाव्या हातात बसवली आणि पहिलं बोट घोड्यावर ठेवलं. बोट थंडगार होतं.

गाडी हळूच सरकली. तुळशीदासने उजव्या हाताने चाक वळवलं, तशी ती अंगणाच्या मधोमध सुरेख वळली. त्याच्या ओठाचा कोपरा हलला. निशाने श्वास सोडला, आणि त्याच वेळी गाडीचा आवाज चढला.

बोट आत ओढलं जात होतं. सावकाश, त्याच्या मर्जीविरुद्ध, सगळी मूठ मिटत चालली होती. घोडा अर्धा गेला, पाऊण गेला. गाडी सुसाट फाटकाकडे निघाली.

"सोडा! बोट सोडा!" दुकानदार ओरडला.

"सुटंना!"

त्याच क्षणी फाटकातून एक स्कूटर आत वळली. पुढे माणूस, मागे बाई, मध्ये लहान मूल. निशाने रिमोटचं बटण बंद करायला हात घातला.

"बंद करू नका! स्टिअरिंग जाईल, गाडी धावतच राहील!" दुकानदार पुन्हा ओरडला.

तिने हात मागे घेतला. तुळशीदासने मात्र चाक पुरतं फिरवलं. गाडी स्कूटरच्या पुढच्या टायरपासून वीतभर अंतरावर गर्रकन वळली, आत आली आणि अंगणात गोल गोल घुमू लागली. स्कूटरवाला मध्येच पाय टेकून उभा राहिला. मूल रडू लागलं. निशा बाची बोटं उचकटत होती, पण ती लोखंडासारखी घट्ट झाली होती. जितकं ओढावं तितकी जास्त आवळत होती.

"राहू दे," तुळशीदास म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "हात नको लावू. बाजूला हो."

ती बाजूला झाली. त्याची नजर फक्त गाडीवर होती. एक घेर, दुसरा घेर. तिसऱ्या घेराला भिंतीलगतच्या रिकाम्या खोक्यांची रास समोर आली तशी त्याने चाक सरळ केलं. गाडी बाणासारखी खोक्यांत घुसली. चारपाच खोकी कोसळली आणि त्यांच्याखाली चाकं घरघरत राहिली. दुकानदाराने धावत जाऊन गाडी उपसली आणि तिची बॅटरी काढली.

तुळशीदासच्या कपाळावरून घाम वाहत होता. निशाने त्याची बोटं एकेक करून सोडवली. तिच्या मनात आलं, संपलं सगळं. आता हा कशालाच हात लावणार नाही. आणलंच कशाला मी ह्याला, चार लोकांत हसं करायला?

"बा, चल. दवाखान्यात जाऊ."

"थांब." त्याने घाम पुसला. "बिरेक गेला का डोंगराच्या अंगाला घालायची. तोरंगणच्या घाटात दोनदा घातलीय मी." मग तो दुकानदाराकडे वळला. "खोक्यांचं नुसकान भरून देतो म्या. हिच्यापेक्षा सावकाश चालनारी हाय?"

"मघाची ती धुरवाली?" निशाने भीत भीत विचारलं.

"ती मारंल कुनाला तरी."

दुकानदाराने सगळ्यात कमी वेगाची गाडी काढली. तिच्या रिमोटवर रेस आणखी कमी करायची कळही होती. पण तुळशीदासने गाडीकडे पाहिलंच नाही. "रिमोट दाखवा. जेवढे असतील तेवढे."

गाड्या बंदच होत्या. तो स्टुलावर बसून एकेका रिमोटचा घोडा ओढून पाहू लागला. पहिल्याची स्प्रिंग मऊ होती, बोट आत गेलं ते तिथेच राहिलं. दुसऱ्याचंही तेच. दर वेळी निशा बोट सोडवायची आणि तो पुढचा मागायचा. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, दुकानदार घड्याळ पाहत होता. चौथ्या रिमोटची स्प्रिंग ताठ होती. बोट आत गेलं, थबकलं आणि भाताच्या दाण्याएवढं मागे ढकललं गेलं. तुळशीदासने पुन्हा ओढलं. पुन्हा दाणाभर.

"ह्यो," तो म्हणाला.

"अहो, हा दुसऱ्या गाडीचा आहे. पण जुळवून देतो. रंग कोणता देऊ?"

"रंग कोनताबी."

पहिले चार रविवार फार वाईट गेले. शाळेच्या मैदानावर गाडी भिंतीला धडकायची, निशा बोट सोडवायची, आणि तुळशीदास तिच्यावर खेकसायचा. पाचव्या रविवारी त्याने तिला जवळ येऊ दिलं नाही. बोटाशी एकटाच झगडत उभा राहिला. दिवाळी जवळ आली तेव्हा बोट अर्धं आपसूक उघडत होतं. हात काही पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नव्हता.

एका रविवारी हिराबाई मैदानावर आली. आजवर ती हा खेळ बघायला कधी आली नव्हती. चपला काढून ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"माझ्यापाशी आणून थांबवा."

"बाजूला हो. लागंल," तुळशीदास म्हणाला.

"लागू दे."

गाडी निघाली. सरळ, बेताच्या वेगाने. अर्धं मैदान गेलं. बाचं बोट घोड्यावर आवळलेलं दिसत होतं, मानेची शीर तट्ट फुगली होती. हिराबाई हलली नाही. दहा पावलं, पाच पावलं. मग बोट थरथरलं आणि जागचं सुटलं. गाडीचा आवाज पडला. ती घरंगळत आली आणि हिराबाईच्या अंगठ्यापासून चार बोटांवर थांबली.

हिराबाईने वाकून गाडी उचलली, उलटी केली, चाकं निरखली.

"माती गेलीय आत," ती म्हणाली आणि पदराने पुसू लागली.