टँकचं पाणी

पेणच्या पोहण्याच्या टँकचं पाणी रोज सकाळी वीतभर उतरलेलं असायचं. तळाला तडा गेलाय असं ठरलं, आणि समितीत टँक बंद करायचं बोलणं सुरू झालं.

रोहिणीला ते पटलं नाही. समितीचे अध्यक्ष गोविंदशेठ मागेच म्हणाले होते, की या जागेत लग्नाचा हॉल चांगला चालेल. "तडा निमित्ताला आहे," असं ती बायकांच्या बॅचमध्ये उघड बोलायची.

हा उघड्यावरचा टँक चाळीसेक वर्षांपूर्वी गावाने वर्गणी काढून बांधलेला. खाडीकाठची पोरं खाडीतच शिकायची, बाजारपेठेतल्यांना मात्र पाण्याची धास्ती. त्यांना शिकवायला मिठागरावरचे केरूकाका आले ते तिथलेच झाले. बायका लाजतात म्हणून कुंपणाला तरट बांधून त्यांची वेगळी वेळ त्यांनीच सुरू केली. रोहिणीची आई त्या पहिल्या बॅचमधली. रोहिणीलाही त्यांनीच कमरेला दोर बांधून पाण्यात सोडलं होतं. आता ती मुलींना शिकवायची.

एका सकाळी तिने हमरापूरहून मामाच्या कारखान्यातून गणपती रंगवायचा निळा रंग आणला. बुडी मारून तो तड्यापाशी सोडला. तिथून पाणी जात असतं तर रंग आत ओढला गेला असता. तो तिथेच तरंगत राहिला. मग खोल बाजूच्या जाळीपाशी सोडला, तर सर्रकन आत गेला.

म्हणजे पाणी सोडायचा व्हॉल्व्ह कुणीतरी किंचित उघडा ठेवत होतं. त्याची किल्ली केरूकाकांकडे असायची. गोविंदशेठनी काकांना फोडलं असं धरून ती पाण्याबाहेर आली.

काका पायरीवर बसले होते.

"काका, व्हॉल्व्ह कोण उघडतं?"

"मीच."

"गोविंदशेठनी सांगितलं?"

"त्याचा काय संबंध नाय. मागे ती तुझ्या मुलींमधली भूमिका खोल बाजूला गटांगळ्या खात होती, तू उडी मारलीस. मी समोरच उभा होतो. मला दिसलीच नाय गो. नुसतं धुरकट दिसतं आता."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं तर घरी बसवतील. नाय सांगितलं तर एखादं पोर जाईल. टँकच बंद झाला असता, तर कोणी काय विचारलं नसतं."

तिला राग आला होता, तरी ती ओल्या कपड्यांनीच त्यांच्या शेजारी बसून राहिली.

समितीच्या सभेत काकांनी स्वतःच सगळं सांगितलं. गोविंदशेठनी रोहिणीकडे एकदाच बघितलं. तिने मान खाली घातली.

टँक चालू राहिला. काकांना पनवेलला डॉक्टरांकडे नेलं, पण गेलेली नजर परत येणार नव्हती. बाजारपेठेतल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, आणि काकांनी टँकवर यायचं सोडलं.

आता लक्ष ठेवायला रोहिणी असते. मुली पाण्यात असेपर्यंत ती खाली बसत नाही, काठाकाठाने फिरत राहते.